झगा महापौराचा, सही आयुक्ताची



१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महानगरपालिकांचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी निकाल लागले. गुलाल उधळला, डीजे वाजले, बॅनर लागले. मग त्याच महिन्यात मंत्रालयात चिठ्ठ्या काढल्या. कुठल्या शहरातली महापौराची खुर्ची कुणाला? खुला, ओबीसी, अनुसूचित जाती, जमाती, महिला. आपल्या वस्त्यांतून लगेच मोबाइल वाजायला लागले. अमक्या ठिकाणी आपला बसणार! तमक्या ठिकाणी आपली बाई बसणार! निळे झेंडे बाहेर निघाले, पेढे वाटले गेले.

मी पेढ्यांच्या विरोधात नाही. ज्यांच्या आज्याला नगरपालिकेच्या पाण्याला हात लावता येत नव्हता, त्यांच्या नातीनं नगरपालिकेच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत बसावं, ही गोष्ट लहान नाही. तिला लहान म्हणणारा एकतर सवर्ण असेल, नाहीतर पोट भरलेला.

पण मी गोदीत काम करतो. गोदीतल्या माणसाला एक सवय लागते. पेटीवर काय छापलंय ते तो वाचतो, पण त्याच्यावर जात नाही. खांद्यावर घेतली की कळतं आत माल आहे का भुसा. या अंकात आपण महापौराची पेटी उचलून बघू.

मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. बाकीची शहरं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ वर चालतात. हा कायदा वाचायला वकील लागत नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस, मी वाचला. तुम्हीही वाचा. कलम ६७ सांगतं की कारभार चालवायची सत्ता आयुक्ताची. आयुक्ताला नेमतं कोण? राज्य सरकार. आयुक्ताला उचलून दुसरीकडे टाकतं कोण? राज्य सरकार. पैशाच्या किल्ल्या स्थायी समितीकडे. ती सोळा माणसांची. मोठी कंत्राटं तिच्यापुढून जातात. आणि महापौर? महापौर सभा चालवतो. अडीच वर्षं. नगरसेवक बोलायला उठला तर त्याला बोलू देतो किंवा खाली बसवतो. बाहेरचा पाहुणा आला तर त्याच्या गळ्यात हार घालतो. त्याच्यापुढे टेबलावर मानदंड असतो, अंगावर झगा असतो. गाडीवर लाल दिवा असायचा, तोही १ मे २०१७ पासून गेला. आपल्या वस्तीतल्या गटारीवर झाकण बसवायचा हुकूम मात्र त्याच्या सहीनं निघत नाही. ती सही आयुक्ताची.

आणि समजा सगळ्या सभागृहानं एकजुटीनं एखादा ठराव केला. झोपडपट्टीच्या बाजूनं केला, सफाई कामगाराच्या बाजूनं केला. तर त्याच कायद्यात कलम ४५१ आहे. मंत्रालयातून एक कागद येतो आणि ठराव निलंबित. लाखो लोकांनी निवडलेलं सभागृह एका बाजूला, आणि एक कागद दुसऱ्या बाजूला. कागद जिंकतो.

म्हणजे चिठ्ठीत आपल्याला जे मिळतं ते झगा आहे. सही मिळत नाही. हे नीट डोक्यात घ्या, मग पुढे बोलू.

आता एक शहर घेऊ. कोल्हापूर घेऊ. आमच्या टोळीत त्या बाजूची पोरं आहेत, म्हणून तिथली बित्तंबातमी मला मिळते. आणि कोल्हापूर म्हणजे काही साधं शहर नव्हे. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासांना राखून ठेवल्या, त्या याच संस्थानात. मार्च १९२० ची माणगाव परिषद याच संस्थानातली. बाबासाहेब हयात असताना त्यांचा पुतळा उभा राहिला, तो ९ डिसेंबर १९५० ला इथल्या बिंदू चौकात, जोतिबांच्या पुतळ्याशेजारी. असा वारसा असलेलं शहर. तिथली नगरपालिका १८५४ ची, महानगरपालिका १९७२ ची. ८१ नगरसेवक. पुरोगामी, पुरोगामी म्हणून तिथले पुढारी दिवसातून दहा वेळा छाती बडवतात.

त्या शहरात २०१५ ते २०२० च्या सभागृहात महापौराची खुर्ची महिलांना राखीव होती. कायद्यानं पाच वर्षांत दोन महापौर व्हायचे, अडीच आणि अडीच. प्रत्यक्षात किती झाले? तिपटीहून जास्त. कुणी वर्षभर, कुणी सहा महिने, कुणी त्याहूनही कमी. एकीचा राजीनामा आधीच खिशात घ्यायचा, मग दुसरीला बसवायचं, मग तिसरीला. कोल्हापुरात याला शब्द आहे: खांडोळी. महापौरपदाची खांडोळी. बकऱ्याची करतात तशी. नेत्याच्या गटातल्या प्रत्येक घरात एक एक तुकडा गेला पाहिजे.

आता मला सांगा, सहा महिन्यांत माणूस काय करील? अंदाजपत्रक समजून घेईपर्यंत निरोपाचा हार येतो. त्या बायका नालायक होत्या असं मी म्हणत नाही. त्यातल्या कित्येक जणी हुशार असतील. त्यांना काही करूच द्यायचं नाही, म्हणून तर खांडोळी. राखीव खुर्ची पूर्ण मुदत एका बाईच्या हातात राहिली आणि तिला ती कळली, तर ती नेत्याचं ऐकेल कशाला? म्हणून खुर्ची गरम व्हायच्या आत माणूस बदला. आरक्षण पाळल्यासारखं दिसलं पाहिजे आणि सत्ता जिथल्या तिथे राहिली पाहिजे. ही युक्ती आज बायकांवर चालते, उद्या तुमच्या-माझ्या जातीच्या चिठ्ठीवर चालेल. कुठे कुठे चालूही असेल.

नोव्हेंबर २०२० ला त्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची गंमत सुरू झाली. निवडणूकच नाही. घटनेचं कलम २४३ यू सांगतं की पाच वर्षं संपायच्या आत नवी निवडणूक झालीच पाहिजे. आधी करोनाचं कारण आलं. मग सुप्रीम कोर्टाचा ४ मार्च २०२१ चा निकाल आला, की ओबीसींना जागा द्यायच्या तर आधी त्यांची नीट माहिती गोळा करा. मग प्रभागांची रचना एका सरकारनं बदलली, दुसऱ्यानं परत बदलली. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं बजावलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. त्यावरही आठ महिने गेले. यात ओबीसी भावाला दोष देऊ नका. त्याचा हक्क त्याला मिळायलाच पाहिजे. माहिती गोळा करायचं काम सरकारचं होतं, ते सरकारनं वेळेत केलं नाही, आणि शिक्षा मात्र सगळ्या शहरांना झाली.

पाच वर्षांहून जास्त काळ कोल्हापुरात प्रशासक. प्रशासक म्हणजे कोण? आयुक्ताच्याच हातात सभागृहही आलं आणि स्थायी समितीही आली. सकाळी आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा, दुपारी प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. विचारणारा कोणी नाही. गोदीत टॅलीवाला वेगळा असतो आणि माल उतरवणारा वेगळा. दोन्ही काम एकाकडे दिलं तर जहाजातून किती उतरलं आणि किती गायब झालं, कुणाच्या बापाला कळणार नाही.

याच काळात करोनाची दुसरी लाट आली. याच काळात जुलै २०२१ चा महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. पूर आला की पाणी आधी सुतारवाड्यासारख्या खालच्या वस्तीत शिरतं, बंगल्यात नंतर. त्या वेळी त्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. पंचनामा कुणी केला, कुणाचं नाव राहिलं, छावणीत जेवण आलं का नाही, हे विचारायला धरायचं कुणाला? आयुक्ताच्या केबिनबाहेर शिपाई असतो. चिठ्ठी द्या, बसा, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

यावर आमच्यात वाद झाला. कोल्हापूरचा एक पोरगा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "भावा, नगरसेवक नव्हते तेच बरं होतं की. टक्केवारी बंद झाली. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन किती वर्षं रखडली हुती, पाणी आलं कधी? २०२३ च्या दिवाळीत. प्रशासक असताना."

खरं आहे ते. पाणी तेव्हाच पोचलं. नगरसेवक टक्केवारी खातात हेही मला कुणी नव्यानं सांगायला नको. पण मी त्याला विचारलं, धरणातनं शहराच्या टाकीत पाणी आलं. टाकीतनं कुठल्या गल्लीत किती वाजता, किती वेळ सोडायचं, हे कोण ठरवतं? सगळ्यात शेवटची गल्ली कुणाची असते? तिथली बाई हंडा घेऊन कुणाच्या दारात जाणार? तो गप्प बसला. भाकरी तोडत बसला.

नगरसेवक चोर असेल, पण त्याचं घर आपल्याला माहीत असतं. रात्री अकराला त्याच्या दारात वीस बाया हंडे आपटू शकतात. त्याची बायको खिडकीतनं बघते. पाच वर्षांनी त्याला परत हात जोडत यावं लागतं. आयुक्ताची बदली होते. तो दुसऱ्या जिल्ह्यात जातो, आणि आपलं गटार तिथंच राहतं. चोराला हाकलायचा अधिकार आपल्याकडे होता. तो काढून घेतला आणि आपल्यालाच सांगितलं की बघा, आता चोरी बंद झाली. आपली काही पोरं त्याला टाळ्या वाजवतात याचं मला जास्त दुःख आहे. ज्यांच्या बापाला मत देता येत नव्हतं त्यांनी मतपेटी बंद झाल्याचा आनंद करू नये.

बरं, आता निवडणूक झाली. पण कशी झाली तेही बघा. २०१५ ला कोल्हापुरात एका प्रभागात एक नगरसेवक होता. ८१ प्रभाग, ८१ माणसं. या वेळी प्रभाग केले वीस. एकोणीस चौघांचे आणि एक पाच जणांचा. एकेका मतदारानं चार चार बटणं दाबायची. आपली वस्ती, शेजारची कॉलनी, पलीकडची पेठ, सगळं एकत्र कालवलं. अनुसूचित जातीची राखीव जागा आहे, ठीक. पण त्या जागेवर कोण निवडून येणार हे फक्त आपण नाही ठरवत. पूर्ण प्रभाग ठरवतो. त्यात आपण मूठभर. मग पक्ष कुणाला तिकीट देतो? जो वस्तीत भांडतो त्याला? का जो पेठेतल्या शेठला चालतो त्याला?

हे दुखणं जुनं आहे, दोस्तांनो. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारापासूनचं. जागा आमची, मतं सगळ्यांची. बाबासाहेबांना तेव्हाच दिसलं होतं की अशा जागेवर आपल्या लोकांना नको असलेला आपला माणूस निवडून येईल. एका माणसाचा प्रभाग असताना निदान वस्तीच्या नावाचा एक तुकडा आपल्याकडे होता. चौघांच्या प्रभागात तोही पातळ झाला. आणि तक्रार घेऊन गेलात तर चारही जण एकमेकांकडे बोट दाखवतात.

असं सगळीकडेच असतं का? नसतं. कोलकात्यात १९८० चा कायदा आहे. तिथे महापौर आणि त्याचे निवडलेले सहकारी मिळून कारभार करतात. खाती त्यांच्याकडे असतात. चुकले तर शिव्याही त्यांनाच. आपल्याकडे मुंबई आणि नागपूरला १९९८ मध्ये असला प्रयोग सुरू केला आणि १९९९ मध्ये गुंडाळला. वर्षभरात. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, तिच्या बाराव्या अनुसूचीत शहरांना द्यायचे अठरा विषय लिहिलेत. पाणी, रस्ते, झोपडपट्टी सुधार, दारिद्र्य निर्मूलन, दुर्बलांचं रक्षण. विषय दिले, सही ठेवून घेतली.

आता चेन्नई बघा. १९४५ ला मद्रासच्या महापौरपदी एन. शिवराज बसले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे अध्यक्ष. पुढे रिपब्लिकन पक्षाचे पहिले अध्यक्ष तेच. इकडे मुंबईत १९५९ ला आंबेडकरी चळवळीतले पी. टी. बोराळे महापौर झाले. तेव्हा चिठ्ठी नव्हती, राखीव खुर्ची नव्हती. चळवळीचं वजन होतं, म्हणून दुसऱ्यांना आपली दखल घ्यावी लागली. चेन्नईची खुर्ची अनुसूचित जातीच्या महिलेला राखीव झाली आणि मार्च २०२२ ला आर. प्रिया अठ्ठावीसाव्या वर्षी त्या शहराच्या पहिल्या दलित महिला महापौर झाल्या. महानगरपालिका १६८८ ची. म्हणजे तीनशे चौतीस वर्षं लागली! आणि त्या शहरातही त्याआधी पाच वर्षांहून जास्त काळ सभागृह नव्हतं, अधिकारीच राज्य करत होता. दुखणं एकाच राज्याचं नाही.

प्रिया यांचं मला कौतुकच आहे. माझा मुद्दा निराळा आहे. राखीव चिठ्ठी बंद खोलीचं दार उघडते. खोलीत शिरल्यावर पाठीशी संघटना उभी नसेल, तर शिवराज होता येत नाही, बोराळे होता येत नाही. फोटो होता येतं. भिंतीवर लावायचा.

नगरपालिका ठराव करते आणि तो कुठे जातो हे आपल्याइतकं कुणाला कळणार? ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तीन वर्षं एकाही अस्पृश्याला तिथं ओंजळ भरता आली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला जीव आला. मग त्याच नगरपालिकेनं ४ ऑगस्ट १९२७ ला ठराव मागे घेतला. निवडलेल्या माणसांनी, हात वर करून. शेवटी हायकोर्टातून निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. नगरपालिकेच्या ठरावात पाणी नव्हतं. पाणी तळ्यावर गेलेल्या पायांत होतं. पण तो ठराव होता म्हणून पायांना कायदा मिळाला, हेही विसरू नका. दोन्ही पाहिजेत.

म्हणून आपल्यातल्या दोन्ही टोकांना माझं सांगणं आहे. एक टोक म्हणतं, निवडणूक म्हणजे भांडवलदारांचा तमाशा, आपण तिकडे थुंकायचंही नाही. बाबांनो, आपण थुंकलो नाही म्हणून तमाशा थांबत नाही. सोळा जणांची स्थायी समिती बसते आणि गटार सफाईचं कंत्राट देऊन उठते. त्या कंत्राटावर आपला भाऊ गटारात उतरतो. २०१३ चा कायदा आहे की माणसाला असं उतरवायचं नाही. सुप्रीम कोर्टानं २७ मार्च २०१४ ला मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं, २० ऑक्टोबर २०२३ ला तीस लाख द्या म्हणून सांगितलं. मरणाची किंमत वाढली, मरण थांबलं नाही. का? कंत्राटात मशीन लिहिलेलं असतं, खड्ड्यात माणूस असतो. मीसुद्धा कंत्राटीच. पगार एकाचा, हुकूम दुसऱ्याचा, जबाबदारी कुणाचीच नाही, ही भाषा मला पाठ आहे. ते कंत्राट ज्या खोलीत मंजूर होतं त्या खोलीत आपला एक माणूस ओरडायला नको?

दुसरं टोक खुर्चीच्या मागे पळणारं. आपले गट, आपली अक्षरं. पक्षाचं एक अक्षर इकडे, एक अक्षर तिकडे, दर निवडणुकीला एखाद्या मोठ्या पक्षाच्या ओसरीवर दोन-चार राखीव जागांसाठी बसलेले. मिळाली तर तिकीट नेत्याच्या मेव्हण्याला. अशांना स्थायी समिती म्हणजे काय विचारा. त्यांना एवढंच माहीत, तिथे वाटा मिळतो.

मग करायचं काय? मोठं काही सांगत नाही. आपण गल्लीतली पोरं, गल्लीतनं सुरू करू.

प्रत्येक शहरात आपल्या छावणीनं महापालिकेचं यंदाचं अंदाजपत्रक मिळवायचं. दलित वस्ती सुधारणेच्या नावानं किती पैसे आले, किती खर्चले, कुठल्या गल्लीत, हे वाचून वस्तीच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. सभागृहाची सभा असेल त्या दिवशी पाच पोरं, पाच पोरी प्रेक्षक गॅलरीत बसल्या पाहिजेत. राखीव जागेवरचा नगरसेवक काय बोलला, का झोपला, ते त्याच संध्याकाळी वस्तीत सांगायचं. कायद्यात प्रभाग समित्या आहेत, त्यांच्या सभा कधी होतात विचारा. गटारीचं कंत्राट माहितीच्या अधिकारात मागा आणि त्यात किती मशीन लिहिलेत ते गटारीजवळ उभं राहून मोजा. ज्या शहरात आपला माणूस किंवा बाई महापौर झाली असेल, तिथे राजीनामा खिशात घेणाऱ्या नेत्याच्या घरासमोर आधीच जाऊन सांगा: अडीच वर्षं म्हणजे अडीच वर्षं. खांडोळी चालणार नाही.

आणि मोठी मागणी एकच. मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांनी मिळून करायची. ज्याला लोकांनी निवडलं त्याच्या हातात सही द्या. ज्याच्या हातात सही आहे त्याला लोकांपुढे उभं करा. कलम ४५१ चा कागद मंत्रालयातनं येऊन आमचं मत खाऊन जाता कामा नये. मुदत संपली की निवडणूक, एक दिवस उशीर नाही, आणि पुन्हा प्रशासक नको.

हे मागितलं की ते म्हणतील, अधिकार दिले तर नगरसेवक शहर विकून खातील. म्हणू द्या. बाबासाहेब प्रौढ मताधिकार मागत होते तेव्हाही असंच म्हणाले होते, की ह्या अडाण्यांना काय कळतं मतातलं. आपल्याला कळतं. आपल्या गल्लीतला नळ किती वाजता येतो आणि किती वाजता जातो, हे कुठल्याही आयुक्तापेक्षा आपल्या आईला जास्त कळतं.

चिठ्ठीतनं आलेला झगा अंगावर घ्या, लाजू नका. तो आपल्या बापजाद्यांच्या घामाचा आहे. पण झगा घालून आरशापुढे उभे राहू नका. सही कुठल्या खोलीत होते ते शोधा, आणि त्या खोलीच्या दारात जाऊन बसा.

जयभीम.